शिबं लिहिलं, चट्टा होता

आमच्या कामाला ऊन लागतं. ट्यूबलाइटच्या उजेडात चट्टा नीट दिसत नाही, दिसला तरी खात्री देता येत नाही. सकाळचं कोवळं किंवा चारच्या पुढचं तिरपं ऊन सगळ्यात चांगलं. माणसाला त्यात उभं करून हळूहळू फिरवायचं. आसपासच्या कातडीपेक्षा फिकट, कोरडा, केस विरळ झालेला डाग असेल तर तो लपत नाही. याखेरीज एक बॉलपेन आणि कागदाचा एक कपटा. सत्तावीस वर्षांच्या नोकरीतली माझी हत्यारं एवढीच.

हुद्दा कुष्ठरोग तंत्रज्ञ. सुरुवातीची काही वर्षं देगलूर-धर्माबादच्या बाजूला होतो, नंतर बदलीनं उदगीरकडे आलो आणि इथलाच झालो. गावात मला 'चट्टेवाले सर' म्हणतात. सीमेवरच्या खेड्यांत म्हाताऱ्या बायांना चट्टा म्हटलेलं कळत नाही, तिथं 'मच्चा' म्हणावं लागतं. तो शब्द कानडीतही चालतो आणि तेलुगूतही. तीन भाषांत विचारून बघितलं, उत्तर मात्र एकच येतं. आमच्यात कुणाला नाही, पलीकडच्या गल्लीत बघा.

बाहेरच्या वाचकाला थोडं समजावून सांगतो. हा रोग दिसतो कातडीवर, पण त्याचं खरं काम आत, नसांवर चालतं. कोपर कुठं आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते ना, ती नस. ती सुजून जाड होते. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, हळूहळू आत वळतं. तपासणी सोपी आहे. डोळे मिटायला लावायचे, चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवायचं आणि विचारायचं, कुठं लावलं ते बोटानं दाखवा. कळलं नाही तर तो चट्टा आमचा. मग दोन बोटांच्या बेचक्यात कागद धरायला द्यायचा आणि आपण ओढायचा. कागद सुटून आला तर नस दुखावलेली आहे. औषध फुकट मिळतं. सहा किंवा बारा महिन्यांत माणूस बरा होतो, आणि गोळ्या सुरू झाल्या की त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती जवळजवळ राहत नाही. नस दुखावल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाले तर हात बहुतेक वाचतो. त्यानंतर सांगता येत नाही.

इतका सरळ रोग. अवघड एवढंच की माणूस आपणहून दवाखान्यात येत नाही. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, आणि त्याचं नाव कुणाला ऐकायचं नसतं. म्हणून आम्ही दारोदार जातो. मोहिमेत गावची आशाताई आणि एक पुरुष कार्यकर्ता अशी जोडी असते. ताईनं बायकांना आत नेऊन बघायचं, पुरुषांना त्यानं ओसरीवर. संशय आला की नाव यादीत घालायचं, आणि मी जाऊन खात्री करायची. हा सगळा डोलारा उभा आहे तो त्या ताईच्या नजरेवर. बाई आत कुणाला येऊ देते, कुणासमोर पोलक्याची बाही वर करते, ते सरकारी आदेशानं ठरत नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, कामातले गमतीचे अनुभव लिहा. गमती आहेत. उदगीरच्या मोंढ्यात एक हमाल होते, पाठीवर हा मोठा चट्टा. त्यांना पोत्यावर बसवलं.

"डोळे मिटा मामा."

"मिटले."

मी पेन टेकवलं की मामा बरोबर तिथं बोट ठेवायचे. पाठीवरचं सुद्धा. माझीच अक्कल गुंग झाली. मग बघितलं तर समोर पानपट्टीचा आरसा, आणि मामांचा एक डोळा अर्धा उघडा.

"मामा, डोळे उघडे हायत की तुमचे."

"जराक ठिवले. चुकलं तर नापास कराल."

शेजारी पोती मोजणारा म्हणाला, "शाळंत असं लक्ष दिलं असतं तर आज मास्तर झाला असता."

आमचे अर्धे पेशंट असेच, पास व्हायला बघतात.

निलंग्याला एक निवृत्त मास्तर होते. ते दवाखान्याच्या पायरीवर कधी चढले नाहीत. महिन्यातून एकदा एसटी स्टँडवर बाकड्यावर बसायचे, शेजारी मी. वर्तमानपत्राच्या घडीत गोळ्यांचं पाकीट सरकवायचं, पहिली मात्रा माझ्यासमोर घ्यायची असते म्हणून ते रसवंतीतल्या ग्लासाबरोबर तोंडात टाकायचे, आणि आम्ही दोन बाजूंना चालायला लागायचो. बारा पाकिटं झाली, मास्तर ठणठणीत बरे झाले. पुढच्या महिन्यात बाजारात समोरासमोर आलो तर त्यांनी मान वळवली. मला राग आला नाही. बरा झालेला पेशंट ओळख दाखवत नाही, यातच आमचं काम झालेलं असतं.

आणि मी तरी काय वेगळा. माझी सोयरीक जमत होती तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, कोणत्या खात्यात? मी म्हणालो, मलेरियात. लग्नानंतर दोन वर्षांनी बायकोला कळलं. ती आठ दिवस बोलली नाही. नंतर म्हणाली, "निदान टीबी तरी म्हणायचं." हा किस्सा मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतो आणि लोक हसतात. मीही हसायचो. आता सांगवत नाही, कारण पुढचं जे झालं त्याचं मूळ मला त्यातच दिसतं.

कोरोना ओसरल्यानंतरची एक मोहीम. माघ महिना. सीमेजवळच्या एका गावातून सुनंदाची यादी आली. सुनंदा तिथली आशाताई. दहावी झालेली, बौद्ध वस्तीत राहणारी, बोलायला फटकळ, कामाला पक्की. तिनं दिलेल्या संशयितांत दहातले सातआठ खरे निघायचे, एवढी तिची नजर. त्या यादीत एक नाव होतं. मी तिला इथं शीतल म्हणतो. वय एकवीस, बी.ए.ला उदगीरला एसटीनं जायची. उजव्या हातावर कोपराखाली चट्टा, सुनंदानं पुढं लिहिलं होतं, 'बांगडीएवढा, पेन लावलेलं कळत नाही.'

मी सकाळीच गेलो. बरं शेतीवाडीचं घर, पुढं मोठं अंगण. आई महानंदाबाई तुरीच्या शेंगा झोडत होत्या, वडील गोविंदराव बैलाजवळ. शीतलला उन्हात उभं केलं. चट्टा उघड होता. पेन तीनदा टेकवलं, तिन्ही वेळा ती म्हणाली, "लावा की सर." माझं लावून झालेलं होतं. कोपरामागं बोटं घातली तर नस सुतळीसारखी हाताला लागली. मग कागद दिला. करंगळीच्या बेचक्यात तिनं घट्ट धरला, मी ओढला. जरासा अडखळून सुटला.

म्हणजे नस दुखावायला सुरुवात झाली होती. सहा महिन्यांची मोजणी त्या सकाळपासून लागली, हे मला माहीत होतं. या गोष्टीत मला माहीत नव्हतं असं काही नाही.

महानंदाबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शीतलला म्हणाल्या, "जा, सरला च्या ठिव."

ती आत गेली. गोविंदराव ओट्यावर येऊन टेकले.

"तेच हाय का, सर?" महानंदाबाईंनी विचारलं.

"तेच आहे. पण वेळेवर सापडलंय. आज गोळ्या चालू केल्या तर काही राहणार नाही."

गोविंदराव खाली बघत म्हणाले, "सोयरीक जमलीय सर. धर्माबादच्या तिकडले पाव्हणे हायत. वैशाखात तारीख धरलीय."

"लग्नाला काही अडचण नाही. गोळ्या चालू असताना लग्न करता येतं."

"त्या गोळ्यांनी काळी पडतंय म्हणं मानूस," महानंदाबाई म्हणाल्या.

"थोडी पडते कातडी. औषध संपलं की निवळते."

"नंतर निवळंल. हळदीला काळं तोंड घिऊन बसवू का तिला? बाया काय म्हणतील, मुलगी दाखवली एक न् बसवली एक?"

काळवंडणं खरं होतं.

"आन तुमच्या वहीत नाव लागलं की गावाला कळतंय. त्या सुनंदाच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. गावाला कळलं की धर्माबादला कळाया काय उशीर? तीन महिन्याचा सवाल हाय सर. लगीन होऊ द्या, मग तुमी म्हणाल तसं. तुमाला बी लेक हाय न्हवं?"

मला लेक आहे. तेव्हा ती दहावीला होती. आणि त्या क्षणी मला मलेरियात असलेला मीच दिसत होतो, पाहुण्यांसमोर बसलेला. या घरची अडचण मला आतून कळली असं वाटलं, आणि त्याचाच मला मोठेपणा वाटला. मी म्हणालो, "बरं. लग्न होऊ द्या."

चहा आला. शीतलनं कपबशी दोन्ही हातांनी धरली होती. मी चहा पिऊन निघालो. तिला काही बोललो नाही. अशा वेळी पोरीशी बोलायचं असतं हे ट्रेनिंगमध्ये मी स्वतः शिकवलेलं आहे.

सुनंदा अंगणवाडीत वाट बघत होती. वही उघडूनच बसलेली.

"लिहा सर. काय, चट्टाच ना?"

"शिबं आहे," मी म्हणालो.

शिबं म्हणजे घामानं येणारे साधे पांढरट डाग. उन्हाळ्यात निम्म्या गावाला असतात, मलमानं जातात. दोन्हींत फरक एवढाच की शिब्यावर पेन टेकवलेलं कळतं.

"म्या सवता पेन लावून बघितलं सर. तिला कळंना."

"मी तपासलं ना? शिबं आहे. मलम लाव म्हणून सांगितलंय."

तिनं पेनाचं टोपण लावलं.

"बरं. सर शिबं म्हणाले, तर शिबं."

मी तिच्यासमोर वहीत लिहिलं. 'तपासले. शिबं. कुष्ठरोग नाही.' खाली सही.

लग्नाची पत्रिका आली, मी गेलो नाही. वैशाख संपल्यावर महानंदाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "नवी नवरी हाय सर, आत्ताच गोळ्या कुटं? पंचमीला आणतो म्हायेरी, तवा द्या." मी बरं म्हणालो. नागपंचमी म्हणजे माघापासून सहा महिने पुरे होत होते. पंचमीला लातूरला आमचं ट्रेनिंग होतं म्हणून गेलो नाही, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. ट्रेनिंग एका दिवसाचं होतं. शीतल माहेरी पाच दिवस होती.

दिवाळीत महानंदाबाईंचाच फोन आला. आवाज बारीक झालेला. "सर, करंगळी वळून राहिलीय तिची. भाकरी थापता येईना. सासू म्हणती, आईनं काय शिकीवलंच न्हाई." मी म्हणालो, ताबडतोब घेऊन या. त्या म्हणाल्या, न्यायला पाहुणे आलेत, संक्रांतीला बघू. मी एवढ्यावर फोन ठेवला. धर्माबाद मला परकं नव्हतं, तिथली वाट अन् वाट मला माहीत होती. माझ्या हुद्द्यावरचा जो माणूस तिथं होता त्याला एक फोन केला असता तरी तो दुसऱ्या दिवशी तिच्या दारात गेला असता. पण त्यानं विचारलं असतं, आधी कुणी तपासलं होतं? आणि वहीत माझ्या सहीनं शिबं होतं.

लग्नापर्यंत मी जे केलं त्याला दया म्हणता येईल, वाईट दया. त्याच्या पुढचं सगळं भीतीचं. चौकशी होईल, वेतनवाढ थांबेल, चट्टेवाले सरांची इज्जत जाईल. एका बाजूला पोरीचा हात आणि दुसऱ्या बाजूला माझी वही, आणि मी वही सांभाळली.

पुढच्या माघात एका सकाळी दवाखान्याच्या आवारात मोटरसायकल थांबली. शीतल आणि तिचा नवरा दत्ता. बारीक अंगाचा, शांत माणूस, ट्रॅक्टर चालवतो. शीतलच्या उजव्या तळहाताला पट्टी होती. मी लिंबाखाली टेबल टाकून बसलो होतो, आसपास दहाबारा माणसं, सुनंदा लसीकरणाच्या बाया घेऊन आलेली.

दत्तानं दोन्ही हात जोडले. "चट्टेवाले सर तुमीच का?"

"हो. काय झालं हाताला?"

"भाजलं. तव्याला हात टेकलेला, अन् ही मला उद्याच्या कामाचं सांगून राहिली. वास मला आला, तिला कळलंच न्हाई. मग नांदेडला कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी बघितलं अन् लगेच रोगाचं नाव घेतलं. म्हणाले, वर्षभर तरी झालं असंल, आधी कुणाला दाखवलं नव्हतं का? ही म्हणली, दाखवलं होतं."

त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मला न्हाई सांगितलं, ते जाऊ द्या," तो म्हणाला. "सोयऱ्यात कोण काय सांगतंय. सांगितलं असतं तर मी हाव म्हणलो असतो का न्हाई, ते आता मला बी सांगता येत न्हाई. पर हिचा हात हाय सर. हिला तरी सांगायचं."

मी शीतलकडे बघितलं. ती पट्टीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मी आत च्या करत होते सर," ती म्हणाली. "भिंतीपलीकडं. सगळं ऐकू येत होतं. नाव कुणी घेतलंच न्हाई, तुम्ही बी 'तेच' म्हणलात. आय म्हणली तीन महिने थांबा. मला वाटलं, आता सर न्हाई म्हणतील. तुम्ही बरं म्हणलात. मग मी मनात म्हणलं, सरच बरं म्हणले म्हंजी तीन महिन्यांनी काय बिघडत नसंल."

सुनंदा तिथंच उभी होती.

आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडम नव्या होत्या, पोरसवदा. त्यांनी हात तपासला, जुनी वही मागवली. "सर, हे शिबं कसं लिहिलं गेलं?"

मी म्हणालो, "ओळखायला चुकलो, मॅडम."

शीतलनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मॅडम भल्या बाई. म्हणाल्या, "होतं असं. पुढच्या वेळी उन्हात नेऊन बघत चला." सत्तावीस वर्षं उन्हात काढलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं, आणि घेतलं, कारण ते सोयीचं होतं. चुकलेल्या माणसाला समज देतात. जाणूनबुजून खोटं लिहिणाऱ्याचं काय करतात ते मला बघायचं नव्हतं.

उपचार त्याच दिवशी सुरू झाले. बारा महिन्यांच्या गोळ्या, नसेच्या सुजेवर वेगळ्या गोळ्या, हात पाण्यात भिजवून तेल लावून बोटं सरळ करायचा व्यायाम, रात्री बोटांना आधाराची पट्टी. दर महिन्याला दत्ता तिला घेऊन उघडपणे यायचा, टोपी काढून बाकावर बसायचा, नंबर लावून. दवाखान्यातल्या एका म्हातारीनं त्याला विचारलं, "बायकुला काय झालं रं?" त्यानं रोगाचं नाव घेऊन सांगितलं. म्हातारी जराशी सरकून बसली. तो म्हणाला, "आज्जी, गोळ्या चालू हायत, तुला काय होत न्हाई. तू आपली बीपीची घेतली का?" जे मी सत्तावीस वर्षं पोस्टर लावून करत होतो ते त्यानं बाकावर बसून केलं.

शीतल बरी झाली. रोग गेला, रंग निवळला, पकड बरीचशी आली. पण दोन बोटं वाकली ती वाकलीच. ऑपरेशननं थोडी सरळ होतील असं नांदेडचे डॉक्टर म्हणतात. ती म्हणते, बघू.

मी बोललो नसतो. एवढ्यानंही नसतो. पुढच्या मोहिमेत सुनंदाची यादी आली, संशयित शून्य. मी म्हणालो, एखादं वर्ष असतं तसं. पुढच्या खेपेला पुन्हा शून्य. त्याच गावात तिच्याच गल्लीतला एक म्हातारा तळपायाला जखम घेऊन आला, आणि त्याच्या मांडीवरचा चट्टा जुना होता. तेव्हा मी तिच्या घरी गेलो. ती दारात धुणं वाळत घालत होती.

"सुनंदाबाई, ते शिबं नव्हतं," मी म्हणालो.

तिनं चिमटा लावला. "ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"तवाच. शिबं मला कळतंय सर, माझ्या भावाला हाय. त्यांनी तुमाला गळ घातली असंल, ते बी कळलं. पर म्या कुटं बोलू? तुमी सायब. त्या घरच्यांना वाटतंय माझ्या तोंडात काय राहत न्हाई. दोन वर्सं झाली, नवऱ्याला सुदिक सांगितलं न्हाई."

"मग याद्या शून्य का?"

ती माझ्याकडे वळली. "म्या चट्टा म्हणायचं न् तुमी शिबं लिवायचं. मग म्या बघू तरी कशाला? बायांच्या बाह्या वर करायला लावायच्या, त्यांचं बोलणं खायचं, कशापायी?"

म्हाताऱ्याचा चट्टा तिनं बघितला होता. मी तिला विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही, पण मला कळलं आणि तिलाही.

"यापुढं तुम्ही चट्टा म्हणलात की मी चट्टाच लिहीन," मी म्हणालो.

"माझ्यासाठी नगा लिहू. असंल तर लिवा." मग म्हणाली, "न् आता शिबं न्हवतं हे मला काय सांगता? मॅडमला सांगा."

सांगायला आणखी चार महिने लागले. हा लेख छापायला देण्याआधी मी वरिष्ठांना लेखी दिलं आहे की मी ओळखायला चुकलो नव्हतो. मी बरोबर ओळखलं होतं आणि खोटं लिहिलं होतं. पुढं काय व्हायचं ते नियमाप्रमाणे होईल. मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि एवढंच म्हणाल्या, "तुम्ही मला ट्रेनिंग दिलं होतं, सर." सुनंदाच्या या वर्षीच्या यादीत चार नावं होती. खात्री करायला मी गेलो नाही, मॅडमना पाठवलं. चारातली तीन खरी निघाली. सुनंदाला विचारलं, लेखात नाव बदलू का? म्हणाली, "कशाला? खरंच ठिवा. म्या काय केलंय?"

मग शीतलकडे गेलो. धर्माबादच्या पलीकडे, एसटीनं आणि पुढं पायी. दत्ता शेतात होता. सासूबाईंनी पाणी दिलं आणि सुनेला हाक मारली. शीतल स्वयंपाकघरातून आली, हाताला पीठ. आता ती भाकरी लाटते. सासूबाई म्हणाल्या, "लाटलेली भाकर म्हंजी चपातीची बहीण. खातो आमी, करता काय." शीतल हसली. या विषयावर त्या दोघींचं बहुतेक रोजच बोलणं होत असावं.

मी म्हणालो, दिवाळी अंकात लिहायचं आहे, तुझ्या हाताचं आणि माझ्या वहीचं. तुला चालेल का विचारायला आलो. नको म्हणालीस तर लिहिणार नाही.

ती उंबऱ्यावर बसली. पीठ झटकायला लागली. अंगठा आणि दोन बोटांनी, बाकीची दोन तशीच.

"हे इचारायला आलात? एवढ्या लांब?"

"हो."

"फोन करायचा की."

"फोनवर विचारायचं नव्हतं."

आतून सासूबाई म्हणाल्या, तवा तापलाय. ती म्हणाली, आले.

"लिवा," ती उठत म्हणाली. "माझं नाव बदला. आयचं बी बदला, तिला गावात राहायचंय. तुमचं तेवढं बदलू नका."